जाहिरातीचे वाचन आणि देहाची लाज

माध्यमसाक्षरता हा विषय आपल्याकडे बहुधा मानसशास्त्राच्या किंवा संगणकशिक्षणाच्या खात्यावर टाकला जातो. त्याचा एक महत्त्वाचा उगम साहित्याच्या वर्गात आहे, याचे स्मरण करून द्यावेसे आम्हांस वाटते.

१९३३ साली केंब्रिजचे समीक्षक एफ. आर. लीविस आणि शाळाशिक्षक डेनिस थॉम्पसन यांनी 'कल्चर अँड एन्व्हायरन्मेंट' हे पुस्तक लिहिले. कविता जशी बारकाईने वाचायची तशीच जाहिरातही वाचायची. तिचे शब्द, तिचा सूर, तिने गृहीत धरलेला वाचक तपासायचा, अशी त्यामागची दृष्टी होती. हेतू मात्र बचावाचा होता. लोकप्रिय संस्कृती ही जणू साथ आणि चिकित्सक वाचन ही तिच्यावरची लस. या भूमिकेतला तुच्छभाव पुढील पिढीस खटकला. लेन मास्टरमन यांनी १९८५ च्या 'टीचिंग द मीडिया'मध्ये प्रश्नच बदलला. मजकूर चांगला की वाईट, हे ठरवण्यापेक्षा तो जगाचे कोणते चित्र रचतो आणि कोणाच्या हितासाठी, हे त्यांनी विचारायला लावले. १९८७ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने माध्यमशिक्षण अभ्यासक्रमात आणले, तेही इंग्रजी या भाषाविषयातच.

दरम्यान जीन किलबोर्न यांच्या 'किलिंग अस सॉफ्टली' (१९७९) या माहितीपटाने जाहिरातींतील स्त्रीदेहाकडे लक्ष वेधले होते. हा प्रश्न किशोरवयीन मुलींच्या जगण्यापर्यंत कसा पोहोचतो, याचे अस्वस्थ करणारे चित्र फिजीतून आले. तेथील नाद्रोगा प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी पोहोचली. भरदार शरीर हे तेथे निगुतीचे आणि मायेचे लक्षण मानले जाई. मानववंशशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ ॲन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती. दुसरीत हे प्रमाण ११.३ टक्के होते. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, त्यामुळे केवळ पडद्यावर दोष ठेवता येत नाही. परंतु मुलींच्या मुलाखती बोलक्या आहेत. बदलत्या अर्थव्यवस्थेत नोकरी आणि प्रतिष्ठा मिळवण्याचा मार्ग त्या पडद्यावरील सडपातळ देहात वाचत होत्या. त्यांना भोळ्या म्हणणे अन्यायाचे होईल. त्या वाचत होत्याच, फक्त प्रतिप्रश्न करण्याची जागा त्यांच्यापाशी नव्हती.

अशी जागा शाळेत निर्माण करता येते काय? ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाचे सायमन विल्क्श आणि ट्रेसी वेड यांनी आठ तासांचा 'मीडिया स्मार्ट' हा पाठ्यक्रम आठवीच्या वर्गांत राबवला. ५४० मुलामुलींचा त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठ्यक्रमात सहभागी झालेल्यांमध्ये शरीराचा आकार आणि वजन यांविषयीची चिंता अडीच वर्षांनंतरही तुलनेने कमी आढळली. व्याख्यानापेक्षा मुलांच्या आपसांतील चर्चेवर येथे भर होता, हे शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

याच्या उलट, नुसते सत्य सांगून भागत नाही. जाहिरातीतील छायाचित्रात फेरफार केला असल्यास तसे छापण्याची सक्ती इस्रायलने २०१२ च्या कायद्याने आणि फ्रान्सने २०१७ पासून केली. परंतु अशा सूचनांमुळे पाहणाऱ्याचा स्वतःच्या देहाविषयीचा असंतोष कमी होत नाही, असेच बहुतेक प्रयोगांत दिसले. चित्र खोटे आहे हे कळले तरी ते हवेसे वाटायचे थांबत नाही. कादंबरी कल्पित आहे हे ठाऊक असूनही आपण रडतो. साहित्याच्या अभ्यासकांना हे नव्याने सांगावयास नको.

म्हणूनच हे काम भाषेच्या तासाचे आहे, असे आम्ही मानतो. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले. गोरेपणाच्या जागी तेज आले. या दोन शब्दांमध्ये काय बदलले आणि काय तसेच उरले, हा उत्तम स्वाध्याय ठरेल. मात्र तेथेच थांबू नये. 'रंगाने सावळी, पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य कोणत्याही कंपनीने लिहिलेले नाही. ते आपल्या घरांत, स्थळे पाहताना घडले आहे. त्यातल्या 'पण'चे काम काय, हे ज्या वर्गात मुली आणि मुलगे मिळून शोधतील, तेथे माध्यमसाक्षरतेचा आरंभ झाला असे समजावे.