निळ्या बाळांची शुश्रूषा : एक ऐतिहासिक मागोवा

दूध ओढताना बाळ थकते, कपाळावर घाम येतो, रडता रडता ओठ निळे पडतात. अशा बाळाविषयी आपल्या खेड्यापाड्यांत पुष्कळदा एकच निदान ठरलेले असते : आईने ग्रहण पाळले नाही. वास्तविक दर शंभर नवजात बालकांपैकी सुमारे एकाच्या हृदयाची घडण गर्भातच सदोष राहते. हे ज्ञान माणसाला कसे गवसले आणि नांदेड-लातूरच्या पाळण्यापर्यंत ते कसे पोहोचले, हा इतिहास आमच्या वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे.

या इतिहासाच्या आरंभी एका धर्मपुरुषाचे नाव भेटते. डेन्मार्कमध्ये १६३८ साली जन्मलेल्या निकोलस स्टेनो या शरीरशास्त्रज्ञाने एका मृत गर्भाच्या हृदयाचे विच्छेदन केले. फुप्फुसाकडे जाणारी धमनी अरुंद, हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र, आणि महाधमनी त्या छिद्रावर सरकलेली, असे त्याने नोंदविले. हाच स्टेनो १६६७ साली कॅथलिक झाला, १६७५ साली धर्मगुरू आणि १६७७ साली बिशप झाला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित घोषित केले.

त्याच व्यंगाचे सविस्तर वर्णन फ्रान्समधील मार्सेय येथील डॉ. फालो यांनी १८८८ साली केले आणि त्यांचेच नाव त्या विकाराला मिळाले. उपाय मात्र २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात सापडला. डॉ. हेलन टॉसिग यांना ऐकू फार कमी येई. म्हणून त्या बालकांच्या छातीवर बोटे ठेवून हृदयाची थरथर जाणून घेत. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडावी, ही कल्पना त्यांची. प्रयोगशाळेत ती सिद्ध केली व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने, आणि शस्त्रक्रिया केली डॉ. अल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी. पंधरा महिन्यांची ती बालिका काही महिन्यांनी दगावली. तथापि तिच्यामुळे उघडलेल्या वाटेने पुढे हजारो बालके जगली.

भारतात वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९६१ साली हृदय उघडून शस्त्रक्रिया झाली. मुंबईत परळला के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून आणि वाडिया बाल रुग्णालय १९२९ पासून उभे होते. पण मराठवाड्याला परळ दूरच होते. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. पुढेही मीटरगेजच्या दिवसांत नांदेडकरांना मुंबईस जाताना मनमाडला गाडी बदलावी लागे, तर लातूरकरांना कुर्डुवाडीपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. धाप लागलेले तान्हे घेऊन हा प्रवास करणाऱ्या मातेची कल्पना वाचकांनीच करावी. औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली निघाले, नांदेडला १९८८ साली आणि लातूरला शासकीय महाविद्यालय २००२ साली.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. तेव्हापासून अंगणवाडीत व शाळेत बालकांची तपासणी होते, हृदयदोष आढळल्यास पुढे पाठविले जाते, आणि शासकीय योजनांतून अनेक शस्त्रक्रियांचा खर्चही भागतो. तरीही निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये आठवडे, कधी महिने जातात. त्या काळात बाळ जगते ते शुश्रूषेवर. दूध थोडे थोडे, परंतु वारंवार पाजावे. ओढून थकत असेल तर आईचे दूध काढून वाटीचमच्याने द्यावे. वजन आणि श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक भरले तर तात्काळ डॉक्टरांकडे न्यावे. फालोच्या विकारातील बाळ एकाएकी निळे पडले तर त्याचे गुडघे दुमडून छातीशी धरावेत, त्याला शांत करावे आणि रुग्णालय गाठावे. पाय दुमडल्याने खालच्या अंगाचा रक्तप्रवाह रोखला जातो व फुप्फुसांकडे अधिक रक्त वळते. असे मूल चालू लागले की थकल्यावर आपण होऊन उकिडवे बसते, ते याच कारणाने.

ही शुश्रूषा करणारे हात पुरेसे आहेत काय, हा आजचा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात अवघ्या दोन दिवसांत तीस-एक रुग्ण दगावले. त्यांत नवजात बालके बरीच होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न ऐरणीवर आला.

जन्मांध माणसाला पाहून पाप कोणाचे, असे शिष्यांनी प्रभूला विचारले होते. प्रभूने त्याच्यावर अथवा त्याच्या आईबापांवर दोष ठेवला नाही. त्याला दृष्टी दिली. आमच्या कुटुंबांनीही निळ्या बाळाच्या आईला ग्रहणाविषयी विचारू नये. तिला तपासणीस जाताना सोबत करावी, आणि ज्या घरातील मुलगी परिचारिका होऊ इच्छिते, त्या घराने तिला आनंदाने पाठवावे.