पिस्तुलाची परीक्षा

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन ह्यांना निरोप देण्यासाठी 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठेवला होता. त्या रात्री अनंत कान्हेरे ह्या कोवळ्या तरुणाने जॅक्सन ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ह्या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. हा इतिहास आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातले हत्यार मात्र आपण एका शब्दात सांगून मोकळे होतो: 'ब्राउनिंग पिस्तूल'. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन ह्यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून अशी वीस पिस्तुले पाठविली, असे खटल्यात मांडले गेले. हा ब्राउनिंग कोण? त्याच्याच पिस्तुलाचे नाव इतके का गाजले? आणि स्वस्त, अचूक व भरवशाचे पिस्तूल कोणते, हे जगात ठरविले कोणी व कसे?

कामगार चळवळीतल्या माणसांनी पिस्तुलावर बोलावे ह्याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्हांला हत्यारांचा षोक नाही. परंतु आमचे आयुष्य लेथ, कानस आणि गेज ह्यांच्या संगतीत गेले. पिस्तूल हेही शेवटी एक यंत्रच आहे, आणि ते इतके काटेकोर तपासून घेतले गेले आहे की, यंत्र कसे निवडावे ह्याचा उत्तम धडा त्याच्या इतिहासात सापडतो. तो धडा आमच्या प्रत्येक कारखान्याला लागू आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. जुनी सहाबारी, म्हणजे रिव्हॉल्व्हर, हिच्यात काडतुसे फिरत्या चक्रात असतात, आणि ते चक्र माणसाच्या बोटाच्या जोरावर फिरते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात हे काम गोळीच्या धक्क्याकडून करून घेतले जाते. काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. चाप ओढला की गोळी सुटते, आणि तिच्या धक्क्याने वरचा सरकता भाग मागे येतो. येताना तो रिकामे काडतूस बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे जाताना नवे काडतूस नळीत ढकलतो. मात्र प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो, म्हणून ते 'अर्ध'स्वयंचलित. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. त्यात धुळीचा कण आडवा आला किंवा काडतूस किंचित वाकडे निघाले, तर पिस्तूल अडकते, आणि अडकलेले पिस्तूल म्हणजे हातात धरलेला लोखंडाचा तुकडा. सेनाधिकारी कित्येक वर्षे जुन्या सहाबारीला चिकटून राहिले ते ह्याच भीतीने, आणि ती भीती खोटी नव्हती.

जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटा प्रांतातील ऑग्डेन गावचा. जन्म १८५५ चा. बाप बंदुका घडविणारा; मुलगा त्याच दुकानात शिकला. त्याची शाळा म्हणजे बापाचा लोहारी पाट. १८९७ साली त्याने बेल्जियममधल्या एर्स्ताल गावच्या फाब्रिक नासिओनाल ह्या कारखान्याशी करार केला. त्या कारखान्याने युरोपासाठी त्याची पिस्तुले काढली, अमेरिकेत कोल्ट कंपनीने काढली. एर्स्तालची पिस्तुले चपटी, लहान व खिशात मावणारी होती. म्हणूनच ती पोलिसांपासून क्रांतिकारकांपर्यंत सर्वांच्या हाती गेली. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गाव्रिलो प्रिन्सिपने झाडलेले पिस्तूलही एर्स्तालचेच होते.

परंतु पिस्तुलाची खरी परीक्षा झाली ती अमेरिकेत, आणि तिचे मूळ एका साम्राज्यवादी युद्धात आहे. स्पेनचा पराभव करून अमेरिकेने फिलिपाईन्स बेटे घेतली. तेथल्या लोकांना नवा धनी नको होता. दक्षिणेकडच्या मोरो लढवय्यांवर आपल्या ३८ कॅलिबरच्या सहाबारीच्या गोळ्या झाडल्या तरी ते थांबत नाहीत, अशी अमेरिकन अधिकाऱ्यांची तक्रार होती. परक्याच्या देशात आपण का आलो, हा प्रश्न कोणी विचारला नाही. गोळी मोठी पाहिजे एवढेच ठरले. १९०४ साली थॉम्प्सन आणि मेजर लागार्ड ह्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर, तसेच प्रेतांवर गोळ्या झाडून प्रयोग केले आणि ४५ पेक्षा लहान कॅलिबर नको, असा निष्कर्ष काढला. हे वाचताना अंगावर काटा येतो. हत्याराच्या इतिहासात हेही असते. ते झाकून पुढे जाणे आम्हांला बरे वाटत नाही.

१९०७ च्या आरंभी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत निरनिराळ्या कारखान्यांची पिस्तुले मांडली गेली. त्यांत कोल्ट होते, सॅव्हेज होते आणि जर्मनीचे प्रसिद्ध लुगरही होते. छाननीत कोल्ट आणि सॅव्हेज पुढे गेली. परंतु समितीने तेवढ्यावर शिक्का मारला नाही. पिस्तुले मागवून ती पलटणीत वापरायला दिली. ह्याचे फळ पाहा. घोडदळाच्या लोकांनी सांगितले की, स्वाराचा एक हात लगामात असतो. तेव्हा घोडा बिथरला, तर भरलेले पिस्तूल एकाच हाताने बिनधोक करता आले पाहिजे. त्यांच्या आग्रहाने मुठीला एक कळ आली, जी दाबल्याखेरीज चाप चालत नाही. आणि पुढे अंगठ्याशी दुसरी कळ आली. ह्या दोन्ही कळा कागदावरच्या नकाशातून निघाल्या नाहीत. घोड्यावर बसणाऱ्या माणसाला विचारले, म्हणून त्या निघाल्या.

१९१० साली पुन्हा कसोटी झाली. दोन्ही पिस्तुलांत दोष निघाले आणि दोघांनाही सुधारून आणण्यास सांगण्यात आले. मार्च १९११ मध्ये शेवटची परीक्षा झाली. प्रत्येक पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडावयाच्या होत्या. शंभर झाल्या की पिस्तूल निवू द्यायचे, हजार झाल्या की साफ करून तेल द्यायचे. त्यानंतर वाकडी काडतुसे, आम्लाने गंजविणे, वाळू आणि चिखल. सॅव्हेज ३७ वेळा अडले. ब्राउनिंगचे कोल्ट एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी ते अमेरिकन सैन्याने स्वीकारले आणि पुढे १९८५ पर्यंत तेच त्या सैन्याचे ठरलेले पिस्तूल होते. चार वर्षांची परीक्षा आणि चौऱ्याहत्तर वर्षांची चाकरी!

आता त्या तीन गुणांकडे वळू: अचूक, भरवशाचे आणि परवडणारे. बाजारात आपण तिन्ही एकदम मागतो, पण हे तिघे सख्खे भाऊ असूनही एकमेकांशी भांडतात. पिस्तुलाचे भाग जितके घट्ट बसवावे तितका नेम चांगला; पण घट्ट बसविलेल्या भागात वाळूचा कण शिरला की पिस्तूल अडते. भाग सैल ठेवले तर चिखलातही चालते, पण नेम थोडा ढळतो. लुगर हे ह्याचे नामांकित उदाहरण. हातात धरताच आवडावे असे त्याचे वजन आणि मूठ, नेमही उत्तम. जर्मन आरमाराने १९०४ मध्ये आणि लष्कराने १९०८ मध्ये ते घेतले. पण त्याचे भाग अतिशय काटेकोर, घडवायला फार वेळ व फार कसबी हात लागत, आणि धूळ त्याला सोसत नसे. अखेर १९३८ साली जर्मन लष्कराने वाल्थर पी ३८ पत्करले. त्याचे एक मोठे कारण हेच की, ते कमी वेळात आणि कमी खर्चात होत असे.

मग स्वस्ताई येते कोठून? मालक म्हणेल, मजुरी कमी केल्याने. इतिहास तसे सांगत नाही. ती आली गेजमधून. प्रत्येक भाग ठरलेल्या मापाच्या आत असला की कोणत्याही पिस्तुलाचा भाग कोणत्याही पिस्तुलाला बसतो. फिटरला कानस घेऊन बसावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात ह्याची साक्ष मिळाली. तेव्हा हेच ४५ चे पिस्तूल टाइपरायटर बनविणाऱ्या रेमिंग्टन रँडने सुमारे नऊ लाख काढले. रेल्वेचे सिग्नल बनविणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलनेही काढले. आपल्या घरोघरी जिचे शिलाईयंत्र आहे त्या सिंगर कंपनीने पाचशे काढून दिली. ज्या हातांनी कधी बंदूक घडविली नव्हती, त्यांनी ती घडविली. अर्थात, गेज आपोआप माप घेत नाही. भाग मापात नाही असे दिसताच तो बाजूला टाकणारा कामगार लागतो, आणि तसा टाकला म्हणून त्याचा रोज कापला जाणार नाही अशी त्याला खात्री लागते.

किंमत हीच एक कसोटी झाली म्हणजे काय होते, ह्याचाही दाखला ह्याच इतिहासात आहे. १९८४ साली अमेरिकेने नव्या ९ मिलिमीटर पिस्तुलासाठी पुन्हा कसोटी घेतली. अनेक नमुन्यांतून इटलीचे बेरेटा आणि सिग ही दोनच उत्तीर्ण झाली. तेव्हा निर्णय एकूण किमतीवर आला. नुसते पिस्तूल सिगचे स्वस्त होते, पण मॅगझिने व सुटे भाग धरून बेरेटाची बेरीज कमी निघाली, आणि १९८५ मध्ये बेरेटा स्वीकारले गेले. थोड्याच वर्षांत काही पिस्तुलांचा सरकता भाग गोळी झाडताना तुटून मागे आला आणि झाडणाऱ्यांचे चेहरे जखमी झाले. दोष धातूचा की काडतुसातल्या दाबाचा, ह्यावर मोठा वाद झाला. शेवटी तुटलेला भाग मागे उडू नये अशी सुधारणा करण्यात आली. बेरेटा वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. ते पुढे तीस वर्षे चालले. आमचे म्हणणे इतकेच की, बेरीज करणाऱ्याच्या तोंडावर काही उडत नाही.

आम्ही हे इतक्या तळमळीने बोलतो त्याला कारण आहे. एका प्रेस शॉपमध्ये आम्ही संघटना बांधीत होतो. तेथे प्रेसला दोन हातांनी दाबायची बटणे असत. दोन्ही हात बटणावर असल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, अशी ती योजना. व्यवस्थापनाने ती बटणे सर्वांत कमी निविदेने घेतली. नव्याची नवलाई संपल्यावर त्यांतले एक बटण अडकू लागले. कामगारांनी दोनदा सांगितले. 'पाहू' असे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला सांगावे लागले नाही. एका बावीस वर्षांच्या मुलाची दोन बोटे गेली. त्या बटणावर कोणी सहा हजार वेळा दाबून पाहिले नव्हते, आणि प्रेसवर बसणाऱ्याला खरेदीआधी कोणी विचारले नव्हते. स्प्रिंगफील्डची हकीकत आम्ही त्यानंतर वाचली. घोडेस्वाराला विचारले गेले हे वाक्य आले, तेव्हा पुस्तक मिटून आम्ही काही वेळ तसेच बसून राहिलो.

शेवटी पुन्हा एर्स्तालला जाऊ. ब्राउनिंग १९२६ साली त्याच कारखान्यात काम करीत असताना हृदय बंद पडून वारला. त्याचे अर्धे राहिलेले पिस्तूल द्यूदोने सेव्ह ह्या बेल्जियन कारागिराने पुरे केले. ते १९३५ साली बाहेर पडले आणि देशोदेशीच्या सैन्यांत गेले. आपल्या ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेले ९ मिलिमीटर पिस्तूल त्याच घराण्यातले. ज्या कारखान्याचे नाव भरवशासाठी जगभर घेतले जाई, तेथे तेलाने निथळणाऱ्या यंत्रांवर हजारो स्त्रिया काम करीत. त्यांना पुरुषांहून कमी मजुरी मिळे. १६ फेब्रुवारी १९६६ रोजी सुमारे तीन हजार स्त्रिया यंत्रे बंद करून बाहेर पडल्या. मागणी एकच होती: समान कामाला समान वेतन. १९५७ च्या रोमच्या तहात हे तत्त्व लिहिलेले होते. कारखान्याच्या हजेरीपत्रकात ते उतरले नव्हते. संप बारा आठवडे चालला. स्त्रियांनी तासाला पाच फ्रँक वाढ मागितली होती, पावणेतीन मिळाली. मागणी पुरी झाली नाही, परंतु सबंध युरोपात समान वेतनाचा प्रश्न जागा झाला.

तेव्हा श्रोतेहो, यंत्र पिस्तुलाचे असो की प्रेसचे, ते घेताना तीन प्रश्न जरूर विचारावेत: नेम धरते का, अडत नाही ना, आणि परवडते का. पण त्यांची उत्तरे खरेदीखात्याच्या टेबलावर मिळत नाहीत. पहिल्या दोहोंची उत्तरे वापरणाऱ्याच्या हातात आहेत, आणि तिसऱ्याचे उत्तर घडविणारीच्या मजुरीत. अमेरिकेच्या सेनेने मारण्याचे साधन निवडताना स्वाराला विचारले आणि चार वर्षे थांबून पाहिले. आपण जगण्याची साधने निवडताना कामगाराला विचारावे आणि चार महिने थांबावे, एवढे मागणे फार नाही. पुढच्या वेळी आपापल्या कारखान्यात नवे यंत्र येईल, तेव्हा ते चालविणारा माणूस खरेदी-समितीत आहे की नाही, एवढे विचारून पाहा. नसेल, तर त्याला तेथे बसविण्याचा ठराव आधी मांडा; यंत्र नंतर आले तरी चालेल.