रायगड उतरताना पायांत काय असावे?

महाडहून पाचाडला पोहोचलेल्या मंडळींच्या पायांकडे एकदा निरखून पाहावे. कुणाच्या पायांत कार्यालयात वापरायचे गुळगुळीत तळाचे बूट असतात, कुणाच्या पायांत आदल्या संध्याकाळी घेतलेले कोरे करकरीत स्पोर्ट्स शूज, तर कुणी चपलांवरच आलेला असतो. वर जाताना यांपैकी कुणाचेच फारसे अडत नाही. दम लागतो, घाम येतो, पण पाऊल पुढे पडत राहते. खरी परीक्षा दुपारी परतताना होते. महादरवाज्यातून खाली निघालेल्या गर्दीत भिंतीचा आधार घेत, आडवे होऊन एकेक पायरी उतरणारे लोक असतात. बूट हातात घेतलेले असतात. सुटलेला तळ सुतळीने बांधून लंगडत चाललेलेही असतात. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत हिंडण्यासाठी बूट घ्यायचे, तर ते चढणीसाठी नव्हे, उतरणीसाठी निवडावेत.

याचे कारण भूगोलात आहे. सावित्रीच्या खोऱ्यातील महाड समुद्रसपाटीहून फार उंच नाही, आणि तेथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेला रायगड मात्र सुमारे ८२० मीटर उंचीवर उभा आहे. पायथ्यापासून चौदाशेंहून अधिक पायऱ्या आहेत. त्यांची उंची एकसारखी नाही, आणि लाखो पावलांनी त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. पोलादपूर तालुक्याच्या बाजूला वळले, की पायऱ्यांचाही आधार सुटतो. मंगळगड ऊर्फ कांगोरी असो की ढवळे गावावरचा चंद्रगड, वाटा अरुंद, बाजूला उतार आणि पायाखाली घसारा, म्हणजे सुटी खडी आणि मुरूम. पावसाळ्यानंतर वाळलेले गवत या घसाऱ्यावर आडवे पडते, तेव्हा ते काचेइतके निसरडे होते. या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे एकाच बुटाला ओला कातळ, सुटा मुरूम आणि डांबरी रस्ता या तिन्हींशी जमवून घ्यावे लागते.

उतरताना शरीरात काय घडते, हेही समजून घ्यावे. शस्त्रक्रियेने बसविलेल्या कृत्रिम गुडघ्यांत मापक ठेवून घेतलेल्या नोंदी असे सांगतात, की सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, तर पायऱ्या उतरताना तो सुमारे साडेतीनपट होतो. शिवाय प्रत्येक पावलागणिक पाय बुटात पुढे सरकतो. बूट तोकडा असेल, तर बोटे पुढच्या भिंतीवर आदळत राहतात आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याचे नख काळे पडलेले दिसते. ज्यांना वाटते की गड चढल्याने नख गेले, त्यांचे नख बहुधा उतरताना गेलेले असते.

म्हणून दुकानात बूट घालून पाहण्याची पद्धत बदलावी. खरेदीला संध्याकाळी जावे. दिवसभर चालून पाय किंचित सुजलेले असतात, आणि डोंगरात ते तसेच सुजणार असतात. डोंगरात घालायचे तेच मोजे सोबत न्यावेत. दोन्ही पायांत बूट चढवावेत, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून किंचित मोठा असतो. माप मोठ्या पायाचे घ्यावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. मग दुकानाच्या गालिच्यावर चार पावले टाकून समाधान मानू नये. दुकानाला जिना असेल तर तो दोनदा उतरावा. बोटे पुढे टेकली, तर तो बूट कितीही देखणा असला तरी परत करावा. विक्रेता ‘वापरल्यावर सैल होईल’ असे म्हणेल. कातडे रुंदीत थोडे सैल होते, लांबीत होत नाही.

रुंदीचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. बाजारातील बहुतेक बुटांची मापे ब्रिटिश, युरोपीय वा अमेरिकी पद्धतीची, आणि त्यांचे साचे पाश्चात्त्य पावलांवरून आलेले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. भारतीय पाऊल सरासरीने अधिक रुंद आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला आणि ‘भा’ या नावाने स्वतंत्र मापपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला. चवडा आवळला जातो म्हणून आपण एक माप मोठे घेतो. मग टाच मागे सैल राहते, घासते आणि फोड येतो. अशा वेळी लांबी वाढविण्याऐवजी रुंद चवड्याचा नमुना मागावा.

बुटाचा आधार नेमका कशात असतो? पुष्कळांना तो मऊ गादीत वाटतो. गादी हवी, पण अतिमऊ गादीवर घोटा डळमळतो. त्याऐवजी तीन गोष्टी हाताने तपासाव्यात. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबला असता सहज आत जाऊ नये. बूट पुढून वाकवला असता तो चवड्यापाशी वाकावा. मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्यावा. आणि दोन्ही टोके धरून ओल्या कपड्यासारखा पिळून पाहावा. तो थोडा विरोध करणारा असावा. चपटे तळवे असणाऱ्यांनी किंवा टाचदुखीचा त्रास असणाऱ्यांनी आतला सोल बदलता येतो का, हेही विचारावे.

तळाविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. खाचा जितक्या खोल तितकी पकड चांगली, असे सरसकट मानले जाते. मुरमावर आणि चिखलावर ते खरे आहे. ओल्या कातळावर मात्र पकड खाचांपेक्षा रबराच्या जातीवर अवलंबून असते. नखाने दाबल्यावर जराही न दबणारा टणक तळ शेवाळलेल्या पायरीवर साबणासारखा सरकतो. मऊ रबर लवकर झिजते, हे खरे. पण बूट झिजणे आणि माकडहाड मोडणे यांत निवड करायची आहे. सह्याद्रीतील भटक्यांमध्ये अ‍ॅक्शन ट्रेकिंगसारख्या स्वस्त देशी बुटांनी वर्षानुवर्षे आपले स्थान टिकवले, ते दिसण्यामुळे नव्हे, तळामुळे. अर्थात दाट शेवाळावर कोणताच बूट भरवशाचा नाही. जुलै २०२४ मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहू लागले आणि प्रशासनाला पायरीमार्ग बंद करावा लागला. तशा दिवशी प्रश्न बुटांचा उरतच नाही.

‘वॉटरप्रूफ’ बुटांचा मोहही कोकणात आवरावा. कडाक्याच्या थंडीच्या, बर्फाच्या मुलखात ते उपयोगी आहेत. येथे आषाढात पाणी वरून, घोट्याकडून आत शिरते आणि मग बाहेर पडत नाही. जाळीदार कापडाचा, पाणी निथळू देणारा बूट अशा पावसात बरा. सुती मोजे ओले होऊन त्वचेला चिकटतात व फोड आणतात. लोकरीचे वा कृत्रिम धाग्याचे पातळ मोजे घ्यावेत आणि एक जोडी कोरडी पिशवीत ठेवावी.

सुतळीने बांधलेल्या बुटांचे रहस्य असे, की ते बहुधा जुने झालेले नसून नुसते पडून राहिलेले असतात. प्रस्तुत लेखकाच्या एका सोबत्याने चार-पाच वर्षे खोक्यात जपलेले महागडे बूट कांगोरीच्या वाटेवर बाहेर काढले होते. माचीवर पोहोचेपर्यंत एक तळ गळाला, उतरताना दुसरा. अनेक बुटांच्या तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील ओलावा त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडतो, आणि बूट न वापरताही थर भुसभुशीत होतो. दमट हवेत, बंद खोक्यात ही क्रिया अधिक वेगाने होते. तेव्हा खरेदी करताना निर्मितीची तारीख पाहावी, भरघोस सवलतीत मिळणारा जुना माल घेताना मधला थर अंगठ्याने दाबून त्यावर भेगा पडतात का ते पाहावे, आणि घरचे बूट सहलीच्या आठवडाभर आधी घालून एक तास चालून घ्यावे.

घोटा झाकणारे उंच बूट घ्यावेत की आखूड? रायगडाच्या पायऱ्यांना आखूड पुरतात. चंद्रगडासारख्या वाटांवर, पाठीवर ओझे असल्यास, उंच बरे. त्यांचा आणखी एक फायदा आहे. कोकणात फुरसे पुष्कळ. हा लहानसा विषारी साप दगडांखाली, वाळक्या पाल्यात बसलेला असतो. घोट्यापर्यंतचा बूट आणि जाड विजार ही त्यापासून चांगली ढाल आहे. सँडल घालून गवतात शिरणे टाळावे.

येथे कुणी म्हणेल, की वाडीवरची माणसे डोक्यावर भारा घेऊन रबरी चपलांनी धावत उतरतात, त्यांना कुठे हे सारे लागते? खरे आहे. पण त्यांची पावले, पोटऱ्या आणि तोल लहानपणापासून याच उतारांवर घडलेले असतात. लिफ्टने घरी जाणाऱ्या पायांनी त्यांची बरोबरी करू नये.

उतरणीला लागण्यापूर्वी एक मिनिट थांबून नाड्या पुन्हा बांधाव्यात: चवड्यावर जरा सैल, घोट्यापाशी घट्ट, म्हणजे टाच मागे रोवलेली राहते. नखे दोन दिवस आधीच कापावीत. मधुमेह असणाऱ्यांनी वर पोहोचल्यावर मोजे काढून तळवे डोळ्यांनी पाहावेत. त्यांना फोड आल्याचे कळतच नाही, असे अनेकदा होते. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात, त्यांनी पायऱ्यांनी चढून, १९९६ पासून सुरू असलेल्या रोपवेने उतरावे. पुष्कळजण नेमके उलट करतात.

घरी परतल्यावर ओले बूट उन्हात किंवा चुलीपाशी ठेवू नयेत, डिंक सुटतो. आतला सोल बाहेर काढावा, बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ते दर दोन-तीन तासांनी बदलावेत आणि बूट पंख्याखाली आडवे ठेवावेत.