घरच्या पीसीला कोणतं ग्राफिक्स कार्ड बसेल? घेण्याआधी कॅबिनेट उघडून काय काय बघायचं

"दादा, माझ्या पीसीला आरटीएक्स ४०६० चालेल का?" आठवड्यातून एकदा तरी हा मेसेज मला येतो, आणि तो हमखास शिरूर नाहीतर दौंडकडून येतो, कारण माझे नातेवाईक आणि शाळासोबती तिकडेच आहेत. प्रश्नासोबत कधी प्रोसेसरचं नाव असतं, कधी नुसता कॅबिनेटचा पुढून काढलेला फोटो. त्यावर उत्तर देता येत नाही. कार्ड बसेल की नाही हे कॅबिनेटच्या आत ठरतं, आणि त्यातही सगळ्यात जास्त ठरतं ते मागच्या बाजूच्या त्या पत्र्याच्या डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवर.

उदाहरणाला दोन खरे पीसी घेतो. पहिला शिरूरचा. माझा एक मित्र लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. त्याचा पीसी असेंबल केलेला आहे: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम. आता पार्ट्या फोर-के व्हिडिओ मागतात आणि त्याचा पीसी एक्स्पोर्टला रात्र रात्र घेतो. तुळशीच्या लग्नानंतर तारखा सुरू झाल्या की दर आठवड्याला नवं काम येतं आणि मागचं अडकून पडतं. दुसरा पीसी दौंडचा. मामेभाऊ इंजिनिअरिंगला आहे, त्याने रिफर्बिश्ड डेल ऑप्टिप्लेक्स ७०२० घेतलाय, तो सडपातळ, आडवा ठेवायचा. पुण्यातल्या कंपन्या जुने पीसी काढतात आणि ते असे आपल्याकडे येतात. वस्तू वाईट नसते, पण त्यात कार्ड बसवायचं म्हटलं की प्रश्न वेगळे होतात.

आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

कॅबिनेटसोबत "फुकट" आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ते सोडून द्या. खाली बारीक अक्षरांचा तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टचा रकाना शोधा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात. शिरूरच्या पीसीत तिथे १४ अँपिअर लिहिलं होतं. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. डब्यावर ४५० आणि कामाचे १६८! त्यातले ८४ वॉटपर्यंत त्याचा आय५ मागू शकतो. उरले ८४, त्यात पंखे आणि हार्ड डिस्कही आली.

आता कार्डाची बाजू. मदरबोर्डच्या लांब स्लॉटमधून, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस एक्स१६ मधून, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त हवे असतील तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते: ६ पिनची असेल तर आणखी ७५ वॉट, ८ पिनची असेल तर १५०. आरटीएक्स ४०६० चं रेटिंग ११५ वॉट आहे, आरएक्स ६६०० चं १३२, आरटीएक्स ३०६० चं १७०. शिरूरच्या एसएमपीएसला ८ पिनची वायरच नाही. दुकानात त्यावर "कन्व्हर्टर लावून देतो" असं उत्तर मिळतं, म्हणजे हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनी वायरींपासून ८ पिन तयार करायची. हे करू नका. कन्व्हर्टरने पिना वाढतात, वॉट वाढत नाहीत. पातळ वायरीतून जास्त करंट खेचला की कनेक्टर वितळतो, आणि स्वस्त एसएमपीएस जाताना एकटा जाईल याची खात्री नसते.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. वाडीवस्तीवर मोटारी चालू झाल्या की दिवे मंद होतात, हे सगळ्यांनी बघितलंय. व्होल्टेज उतरलं की एसएमपीएस तेवढीच पॉवर द्यायला जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. म्हणून चांगल्या कंपनीचा, ८० प्लस सर्टिफिकेट असलेला, ५५० वॉटचा एसएमपीएस हा चोचला नाही. एनव्हिडिया स्वतः आरटीएक्स ४०६० साठी ५५० वॉटच सांगते. घरातलं अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय का, तेही इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर कार्डाचा विचार नंतर.

यूपीएसचंही गणित करून ठेवा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. मध्यम कार्डासह पीसी आणि मॉनिटर त्यात बसतो, पण वीज गेल्यावर मिळतात ती काही मिनिटंच, फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरती.

स्लॉट तोच, पण पाणी किती येतं?

पीसीआय एक्स्प्रेसच्या सगळ्या पिढ्या एकमेकींशी जुळतात. नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये बसतं आणि बहुतेक वेळा चालतंही. पण किती वेगाने, हा वेगळा मुद्दा. खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन दौंडपर्यंत येतं, पण शेतात किती पाणी पोचणार हे चारीवर ठरतं ना, तसंच हे. स्लॉटमध्ये १६ चाऱ्या असतात, म्हणजे लेन. दुसऱ्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला साधारण अर्धा जीबी डेटा जातो, तिसऱ्या पिढीत जवळपास एक, चौथ्या पिढीत जवळपास दोन.

गोम अशी की सगळी कार्डं १६ लेन वापरत नाहीत. आरटीएक्स ४०६० आठच वापरतं. नव्या बोर्डावर आठ लेन म्हणजे १६ जीबी, भरपूर. पण एच८१ चिपसेटचा बोर्ड दुसऱ्या पिढीचा स्लॉट देतो, तिथे त्याच आठ लेनमधून ४ जीबीच जातील. एएमडीचं आरएक्स ६४०० तर चारच लेन वापरतं, म्हणजे अशा बोर्डावर २ जीबी. गेम किंवा व्हिडिओ कार्डाच्या मेमरीत मावत असेल तोवर फार कळत नाही. मेमरी भरली आणि डेटा रॅममधून ये-जा करू लागला की चित्र अडखळतं.

म्हणून शिरूरच्या मित्राला मी ४०६० नको म्हटलं. त्याच्यासाठी क्रम असा लावला: आधी ५५० वॉटचा एसएमपीएस, कारण तो पुढच्या पीसीतही जाईल. मग रॅम ८ ची १६ जीबी आणि एसएसडी नसेल तर ती. मग कार्ड, आणि ते आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं. ते सगळ्या १६ लेन वापरतं, आणि डाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरला कार्डावरची मेमरी जास्त असलेली आवडते. चौथ्या पिढीचा आय५ त्या कार्डाला पूर्ण पळू देणार नाही, हे त्यालाही सांगितलंय. पुढच्या सीझनच्या पैशांत बोर्ड आणि प्रोसेसर बदलला की तेच कार्ड मोकळं होईल. एकदम सगळं घ्यायचं तर कर्ज, आणि लग्नाच्या पार्टीचे पैसे वेळेवर येतात असं कुणी सांगितलं?

जाता जाता, व्हिडिओवाल्यांसाठी एक: कॅमेरा ४:२:२ दहा बिटमध्ये रेकॉर्ड करत असेल तर एनव्हिडियाची आरटीएक्स ५० च्या आधीची कार्डं ते फुटेज हार्डवेअरमध्ये उलगडत नाहीत. टाइमलाइन अडकते आणि माणूस कार्डाला शिव्या देतो. अशा वेळी कार्ड बदलण्याआधी प्रॉक्सी फाईल बनवून काम करा, किंवा शक्य असेल तिथे कॅमेऱ्याचं सेटिंग बदला.

सडपातळ रिफर्बिश्ड पीसी

दौंडच्या ऑप्टिप्लेक्सचा एसएमपीएस २५५ वॉटचा आहे, आणि कार्डासाठीची वायर त्यात नाही. तो बदलूही म्हणता येत नाही: आकार कंपनीचा स्वतःचा, आणि मदरबोर्डला जाणारा कनेक्टर नेहमीच्या २४ पिनचा नसून ८ पिनचा. तेव्हा अट पहिली, कार्ड ७५ वॉटच्या आत, वेगळी वायर न लागणारं. अट दुसरी, उंची. या कॅबिनेटमध्ये लो प्रोफाइल कार्डच बसतं, साधारण ६९ मिमी उंचीचं, आणि त्यासोबत छोटी पट्टीही यायला हवी. ऑनलाइन मागवताना फोटोत मोठी पट्टी दिसते, छोटी खोक्यात आहे की नाही हे वर्णनात वाचा. अट तिसरी, जाडी. दोन स्लॉट व्यापणारं कार्ड शेजारच्या एसएमपीएसला किंवा वायरींना घासतंय का, हे पट्टी लावून मोजा. काही जुन्या सडपातळ मॉडेलमध्ये कंपनीनेच स्लॉटला ७५ वॉटपेक्षा कमी मर्यादा घातलेली असते, ती त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये सापडते.

या तिन्ही चाळण्यांतून गळून फार थोडी कार्डं उरतात. आरएक्स ६४०० हे ५३ वॉटचं, एका स्लॉटचंही मिळतं. पण त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करायचा किंवा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचा तर त्याची मदत शून्य. जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचं. आणि २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल, ७० वॉटचं. नावाकडे नीट बघा: ३०५० चं ८ जीबी मॉडेल १३० वॉटचं आहे आणि त्याला वेगळी वायर लागते. मामेभावाला ६ जीबीचं लो प्रोफाइल सांगितलं, जागा मोजून. त्याला ऑटोकॅडपुरतंच हवं असतं तर तेही नको म्हटलं असतं. टू-डी ड्रॉइंगला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. फ्लेक्स डिझाइन करणाऱ्यांनाही माझं हेच म्हणणं असतं, रॅम आणि एसएसडी आधी.

इंटेलची आर्क कार्डं स्वस्त दिसतात म्हणून जुन्या पीसीला घेऊ नका. त्यांना रिसायझेबल बार नावाची सोय लागते आणि इंटेल स्वतः दहाव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर सांगते.

वापरलेलं कार्ड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि त्यातली कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पण पंखे आणि थर्मल पेस्ट झिजलेली असते. त्याहून मोठी फसवणूक म्हणजे नाव बदललेली कार्डं. जीटीएस ४५० सारख्या जुन्या चिपच्या कार्डात सॉफ्टवेअर भरून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकतात. विंडोजही तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवा, ते अशा कार्डापुढे बनावट असल्याचा शेरा दाखवतं. आरएक्स ५८० च्या नावापुढे "२०४८एसपी" असेल तर ते खरं तर आरएक्स ५७० च आहे.

ड्रायव्हरचं वयही किमतीत धरा. जीटी १०३० आणि जीटीएक्स १०५० टीआय यांना एनव्हिडियाने नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलेत, आता फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात. जीटी ७३० तर त्याच्याही मागे राहिलं. आजही "नवीन, सीलबंद" म्हणून ते विकलं जातं, ही कमाल आहे.

ऑनलाइन घेतलं तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. दुकानातून घेतलं तर जीएसटीचं बिल आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. त्याशिवाय पुण्याच्या सर्व्हिस सेंटरची चक्कर फुकट जाते.

मॉनिटर आणि बायोस

जुन्या निळ्या पिनेचा व्हीजीए मॉनिटर असेल तर नव्या कार्डाला ते भोक नसतं. एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्टवरून व्हीजीएला नेणारा अॅक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या, नुसती वायर चालत नाही.

स्टार्टमध्ये "सिस्टीम इन्फर्मेशन" उघडा. तिथे बोर्डाचं मॉडेल दिसतं आणि बायोस मोडसमोर लेगसी की यूईएफआय तेही दिसतं. लेगसी असेल तर काही नवी कार्डं सुरुवातीला पडदा काळाच ठेवतात. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर नवा बायोस असेल तर तो आधी टाका, मात्र यूपीएसवर पीसी असतानाच. अर्धवट अपडेटमध्ये वीज गेली तर बोर्ड सुरूच होत नाही. पुणे भागात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात, तेव्हा वार बघून बसा.

कार्ड बसवलं की मॉनिटरची वायर मदरबोर्डमधून काढून कार्डाला लावा. हसू नका, "कार्ड घेतलं पण फरकच नाही" अशा तक्रारींत हेच कारण वारंवार निघतं. मग अर्धा तास जड काम चालवून जीपीयू-झेडमध्ये तापमान बघा. ८५ अंशांच्या वर जात राहिलं तर कॅबिनेटला मागे एक पंखा वाढवा. मे महिन्यात खोलीच चाळीसच्या आसपास असते, त्यामुळे हिवाळ्यात घेतलेला आकडा उन्हाळ्यात पुन्हा तपासा. केडगाव-यवतच्या बाजूला गुऱ्हाळांची काजळी आणि रस्त्याची धूळ पंख्यात बसते. दर दोन-तीन महिन्यांनी पीसी बंद करून, प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा. पातं मोकळं सोडून हवा मारली तर ते भरमसाट वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं.