सुताराचा बाक : न रुळलेल्या एका अर्थाविषयी

तारापूरचा किल्ला जानेवारी 1739 मध्ये मराठ्यांनी घेतला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईही पडली. वसई ते डहाणू ह्या किनारपट्टीवरचा पोर्तुगीज अंमल संपला. परंतु घरादारांत शिरलेले पोर्तुगीज शब्द मागेच राहिले. दाराला बिजागरी राहिली, कुलपाला चावी राहिली आणि पुढे शाळाशाळांतून बाक आला. ‘बाक’ हा शब्द पोर्तुगीज ‘बांकु’वरून आला, असे सामान्यतः मानले जाते. आमचे कुतूहल वेगळ्याच गोष्टीविषयी आहे. पोर्तुगीजमध्ये ‘बांकु’ म्हणजे बसावयाचे आसन, तसेच सुतार ज्यावर लाकूड अडकवून रंधा मारतो ते जाड फळ्यांचे काम-मेजही. मराठीने आसन स्वीकारले, काम-मेज मात्र स्वीकारले नाही. असे का व्हावे?

ह्याचे उत्तर कोशात सापडणार नाही, सुताराच्या बैठकीत सापडेल. आपला गावगाड्यातला सुतार जमिनीवर बसून काम करी. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी ‘गाव-गाडा’त (1915) बलुतेदारांचा जो संसार मांडला, त्यात सुताराचे स्थान ठळक आहे. नांगर, कुळव, गाडीची चाके, दाराच्या चौकटी ही त्याची नित्याची कामे. ही लाकडे जड असतात. ती कमरेइतक्या उंचीवर चढविण्यापेक्षा माणसानेच त्यांच्याशी खाली उतरावे हे अधिक शहाणपणाचे. शिवाय वाकसाने तासायचे तर घाव वरून खाली पडतो, म्हणून लाकूड खालीच हवे. फळी पायाच्या तळव्यांत धरली, अंगठ्याने दाबली, की दोन्ही हात मोकळे. पाय हाच त्याचा शिकंजा. करवत, पटाशी, सामता, गुण्या पोत्यात गुंडाळून तो यजमानाच्या पडवीत जाई. तेथे दोन-तीन मणांचे मेज कोण वाहून नेणार?

ह्याला मागासलेपणा म्हणण्याची घाई अनेकांनी केली आहे. जपानी सुतारही परंपरेने जमिनीलगतच काम करीत आला, आणि त्याच्या सांध्यांची जगभर वाखाणणी होते. प्राचीन रोमन सुतारांचे बाकही ठेंगणे होते. त्यावर लाकूड ठेवून कारागीर स्वतःही त्यावरच बसे. उंच, अवजड बाकाचे सविस्तर वर्णन फ्रान्समध्ये आंद्रे-जाकोब रूबो ह्या कारागिराने आपल्या सुतारकामावरील ग्रंथात (1769 पासून पुढे) केले, तेव्हा त्यामागे शहरी फर्निचराचा धंदा, स्थिर कारखाना आणि उभे राहून अंगाच्या भाराने ढकलायचा लांब रंधा होता. बाकाचा आकार कामाच्या पद्धतीतून येतो. अकलेचा त्याच्याशी संबंध नाही.

परंतु बैठकीला आणखी एक अर्थ होता, आणि तो आम्हांला दुर्लक्षिता येत नाही. यजमान ओट्यावर, सुतार अंगणात. बलुते वर्षाच्या धान्यावर. जमिनीवर बसण्यात सोय होती, तशीच पायरीही होती. म्हणूनच उभे राहून काम करणे हा केवळ तंत्राचा बदल राहिला नाही. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर ह्यांनी 1890 मध्ये कलाभवन काढले. देशी भाषांतून उद्योगाचे शिक्षण द्यावे ही त्यांची धडपड होती. स्वातंत्र्यानंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्था आल्या. त्यांच्या कार्यशाळेत कोणत्याही जातीचा मुलगा शेगडा लावलेल्या बाकासमोर उभा राहू लागला. पण तेथे त्या वस्तूचे नाव झाले ‘वर्कबेंच’. बाक हा शब्द तोवर वर्गातल्या मुलांनी अडवून ठेवला होता!

तारापूरचे अणुवीजकेंद्र 1969 मध्ये सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि पाळीच्या नोकरीने ह्या गावाचा चेहरा पालटला. आता घरी हौसेने सुतारकाम करणारे येथेही भेटतात. बाक बांधताना ते जे करतात त्यात जुन्या-नव्याची चांगली सरमिसळ असते. यंत्रे ज्या खोक्यांतून येतात ते पाइनचे लाकूड फळीसाठी, मोडलेल्या घराच्या जुन्या सागवानी तुळया पायांसाठी. उंची उभे राहून मनगट जेथे येते तेवढी, साधारण 80 ते 85 सेंटिमीटर. फळी निदान दोन-अडीच इंच जाड, कारण हलक्या बाकावर रंधा मारला की बाकच सरकतो. पाय खाच-सांध्याने बसवलेले बरे. नुसत्या खिळ्यांचा सांधा रंध्याच्या रेट्याने लवकर ढिला होतो. फळी मात्र आडव्या लाकडाला सर्वस्वी जखडू नये. पावसाळ्यात ती रुंदीला फुगते आणि वाट न मिळाल्यास वाकते किंवा तडकते. हे सारे तपशील ते मराठीत सांगतात आणि वस्तूला ‘टेबल’ म्हणतात.

आम्ही साहित्याचे लोक ‘तासीव वाक्य’, ‘कोरीव शैली’ असे सहज लिहितो. वाकसाने आणि पटाशीने समीक्षेला विशेषणे दिली. बाकाने एकही दिले नाही, कारण तो आपल्या सुताराजवळ नव्हताच. ‘सुताराचा बाक’ म्हटले तर कोणालाही समजेल, असे आम्हांला वाटते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने निबंधात तसे लिहिले होते, आणि तपासताना आम्ही त्याखाली रेघ ओढली नाही.