सूत्रधाराची ढब

पाश्चात्त्य पद्धतीच्या जोडीनृत्यात एकाने न्यायचे व दुसऱ्याने जायचे, असा संकेत आहे. नेणारा बहुधा पुरुष. इंग्रजीत त्याला लीडर म्हणतात. मला आपल्या रंगभूमीवरचा सूत्रधार हा शब्द अधिक बरा वाटतो. ज्याने दुसऱ्याला सांभाळून न्यायचे, त्याने स्वतः दिसावे कसे, हा प्रश्न वरवर पोशाखी वाटेल. परंतु विसाव्या शतकात त्याला जी उत्तरे मिळाली, त्यांत स्त्रीपुरुषसंबंधांचा आणि वर्णभेदाचा बराच इतिहास गुंतलेला आहे.

इंग्लंडचे उत्तर शिस्तीचे होते. १९२४ साली तेथील नृत्यशिक्षकांच्या इम्पीरियल सोसायटीने बॉलरूम नृत्याची वेगळी शाखा काढली, आणि व्हिक्टर सिल्व्हेस्टरसारख्या नर्तकांच्या पुस्तकांनी नियम सर्वत्र पोहोचविले. कणा ताठ, कोपरे उचललेली, उजवा तळवा जोडीदारणीच्या खांद्यामागच्या हाडाखाली. इशारा हाताने नव्हे, धडाने द्यायचा. ही चौकट एकदा धरली की गाणे संपेपर्यंत मोडावयाची नाही. तिच्यात सौंदर्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या चौकटीत स्त्रीला आपल्या मनाचे पाऊल टाकायला फारशी जागा नव्हती.

अमेरिकेत ती चौकट मोडली न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. तेथे लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर १२ मार्च १९२६ रोजी सॅव्हॉय बॉलरूम उघडले. दोन रंगमंच असल्यामुळे एक वाद्यवृंद थांबला की दुसरा सुरू होई. आणि इतरत्र गोऱ्यांची व काळ्यांची नृत्यगृहे वेगळी असताना येथे दोघे एकाच फरशीवर नाचत. या फरशीवरचा आरंभीचा राजा म्हणजे जॉर्ज स्नोडेन. बुटकेपणामुळे त्याला शॉर्टी जॉर्ज म्हणत. १९२८ च्या एका दीर्घ नृत्यस्पर्धेत त्याने जोडीदारणीला हातभर दूर सोडले आणि दोघांनी क्षणभर आपापले नाचून घेतले. हे काय, असे कोणी विचारताच त्याने ‘लिंडी’ असे उत्तर दिले म्हणतात. आदल्याच वर्षी लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला होता. आख्यायिका खरी असो वा नसो, लिंडी हॉप हे नाव मात्र टिकले.

या नृत्याच्या मुख्य चालीत आठ मात्रा असतात. सूत्रधार जोडीदारणीला जवळ घेतो, अर्धे वळण देतो व बाहेर सोडतो. सोडल्यावर उरते ती फक्त दोन हातांमधली ओढ. तेव्हा हाताने खेचून चालत नाही. गुडघे वाकवून सूत्रधाराने आपले वजन मागे घ्यावे लागते, म्हणजे तिला दिशा कळते आणि पाऊल तिचे तिला राहते. मग ढब येते कोठून? याच वजनातून.

हे सर्वांत नीट उमगले फ्रँकी मॅनिंगला. १९१४ साली फ्लोरिडात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईबरोबर हार्लेमला आला. तू फार ताठ आहेस, तुला नाचता यायचे नाही, असे आईनेच त्याला सांगितले होते. मग तो खोलीत केरसुणी जोडीदार समजून सराव करी. सॅव्हॉयमधले थोर नर्तकही तेव्हा बरेचसे उभे नाचत. मॅनिंगने धावपटूसारखे कमरेतून पुढे झुकून, पाय मागे लांब टाकून नाचायला सुरुवात केली. झुकण्याने त्याचे शरीर जमिनीजवळ आले, वेग पेलता येऊ लागला आणि प्रेक्षकाला संगीत डोळ्यांनी दिसू लागले. ही नुसती ऐट नव्हे.

स्नोडेनची जोडीदारीण बिग बी त्याच्याहून कितीतरी उंच. नाच संपताना ती त्याला पाठीवर घेऊन बाहेर पडे आणि लोक हसत. १९३५ साली मॅनिंगने फ्रीडा वॉशिंग्टनला पाठीवरून पलटी देऊन पलीकडे उभी केली, तीही तालावर. हवेतल्या चालींची ही सुरुवात. (त्याच सुमारास लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता, हार्लेमचे संगीत आपल्या दारापर्यंत आले होते, पण दार साहेबी होते.)

१९४१ च्या ‘हेल्झापॉपिन’ चित्रपटात मॅनिंग आणि त्याचे सहकारी दिसतात ते नोकरांच्या वेषात. तो नाच आजही शिकणारे पुन्हापुन्हा पाहतात. वेष कोणी दिला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. युद्धानंतर आवड पालटली, १९५८ साली सॅव्हॉय बंद पडले आणि मॅनिंग टपाल खात्यात नोकरीला लागला. १९८६ साली कॅलिफोर्नियातील दोन नर्तक त्याला शोधत आले, तेव्हा पुन्हा शिकविणे सुरू झाले. १९८९ साली ‘ब्लॅक अँड ब्लू’ या नाटकाच्या नृत्यरचनेसाठी त्याला इतरांसमवेत टोनी पारितोषिक मिळाले.

त्याच्या वर्गात आधी जोडीदारणीला वाकून नमस्कार करावा लागे. ती राणी आहे, असे तो सांगे, ढब त्यानंतर. आज पुष्कळ ठिकाणी स्त्रियाही सूत्रधार होतात आणि पुरुष मागून जातात. नमस्कार तोच आहे. २६ मे २००२ रोजी सॅव्हॉयच्या जागी स्मृतिफलक बसला. त्याचे अनावरण मॅनिंगने आणि त्याची जुनी सहकारी नॉर्मा मिलर हिने केले. त्या दिवशी मॅनिंगला ८८ वर्षे पूर्ण झाली होती.