बुळकांडी आणि पहिली फळी

नीरा आणि भीमा यांच्यामधला बारामती-इंदापूरचा मुलूख आज उसानें हिरवा दिसतो. नीरेचा कालवा येण्यापूर्वीं तो बहुतेक कोरडवाहू होता. तेथें मोट बैलांची, नांगर बैलांचा, बाजारची वाटही बैलांचीच. गोठ्यांत बुळकांडी शिरली म्हणजे घरांतला कर्ता गेल्यासारखेंच होई. जनावराला ताप येई, तोंडांत व्रण पडत, मग हगवण लागे आणि थोड्याच दिवसांत तें आडवें होई. जें वांचे त्याला मात्र हा रोग पुन्हां होत नसे.

या रोगाच्या अभ्यासासाठीं १८८९ सालीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांत इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. भरवस्तींत असल्या सांसर्गिक रोगाशीं खेळणें बरें नव्हे, म्हणून १८९३ मध्यें ती हिमालयांतील मुक्तेश्वरास हलविली. तेथेंच १९२७ च्या सुमारास एडवर्ड्स यांनीं बकऱ्यांच्या अंगांत वारंवार वाढवून विषाणु दुबळा केला व त्याची लस केली.

लस लाभली, पण जनावराचें शरीर प्रथमच इतकें हतबल कां होई, हें कोडें पुष्कळ दिवस राहिलें. विषाणु शिरतांच पेशी इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य सोडून शेजारणींना हांक घालते. १९५७ सालीं लंडनमध्यें आयझॅक्स व लिंडेनमन यांनीं तें शोधलें. हांक पोंचलेल्या पेशींत ‘स्टॅट’ नांवाचीं प्रथिनें सांगावा घेऊन केंद्रकांत जातात आणि संरक्षणाचीं जनुकें जागीं करतात. बुळकांडीचा विषाणु ‘पी’ व ‘व्ही’ या आपल्या प्रथिनांनीं हे जासूद वाटेंतच अडवितो. हांक कानीं पडते, परंतु गढीचा दरवाजा लावावयास कोणी पोंचतच नाहीं. प्रतिपिंडें तयार होईपर्यंत विषाणु आंतड्यांपर्यंत पसरलेला असतो. वांचलेलें जनावर जन्मभर सुरक्षित राही, तें यामुळेंच: दुसरी फळी भक्कम होती, फसवणूक झाली ती पहिल्या फळीची. लसीनें ती दुसरी फळी आधींच उभी केली. १९५४ पासून देशभर मोहीम चालली, १९९५ नंतर भारतांत हा रोग आढळला नाहीं, आणि २०११ मध्यें तो जगांतून गेल्याचें जाहीर झालें.

२०२२ सालीं महाराष्ट्रांतील गोठ्यांत लंपी चर्मरोग पसरला. त्याचा विषाणु देवीच्या कुळांतला; त्याची युक्ति निराळी. इंटरफेरॉन ज्या खुंटीवर जाऊन बसतें, तशाच खोट्या खुंट्या घडविणारीं जनुकें त्याच्याजवळ आहेत. हांक त्यांतच अडकावी, हा त्यांचा डाव. त्या वर्षीं गाईबैलांना जी लस टोंचली, ती मूळची बकऱ्यांच्या देवीवरची होती. बकरी पुन्हां एकदां बैलाच्या कामीं आली.